एबीएसचा दिवा: सेन्सर बदलला, आता म्हणतात मॉड्यूल गेलं

चिपळूणची_सून
नमस्कार. गाडी 2017 ची डिझेल हॅचबॅक, नव्वद हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली. चावी फिरवली की एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा बाकीच्या दिव्यांबरोबर लागतो आणि विझतो. मग बिल्डिंगच्या गेटबाहेर पडून गाडीने जरा वेग घेतला की परत लागतो, तो गाडी बंद करेपर्यंत जात नाही. लाल दिवा नाही, पेडल नेहमीसारखं टणक, ब्रेक ऑइल वरच्या खुणेला.
इथल्या गॅरेजात स्कॅनर लावला. 'पुढचं डावं चाक, सिग्नल नाही' असा बिघाडाचा कोड आला. त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलला, दिवा तसाच. आता म्हणतात मॉड्यूल, म्हणजे एबीएस चालवणारा कंट्रोल बॉक्स, गेलंय, 38 हजार होतील, आणि तोपर्यंत बिनधास्त चालवा. आम्हाला भर पावसात कुंभार्ली घाट उतरायचा असतो, मागे सासूबाई. चालवू का? आणि मॉड्यूलचं मला काही पटत नाहीये.

जुगाडू७७
ताई, ऑनलाइन ब्लूटूथचं स्वस्त डोंगल मिळतं, कोड पुसून टाका. नाहीतर मीटरमधला दिवाच काढा. आमच्याकडे एका टॅक्सीवाल्याने तेच केलंय, वर्षभर मजेत फिरतोय.

कराडचा_वायरमन
जुगाडूशेठ, त्या टॅक्सीत तुम्ही बसा, घाटात, पावसात. आणि ती स्वस्त डोंगलं बहुतेक इंजिनचेच कोड वाचतात. एबीएसचे कोड 'सी' अक्षराने सुरू होतात, त्याला त्या मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर लागतो.

ताई, आधी चालवण्याचं. नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक पूर्ण लागतो, फक्त एबीएस मदतीला येणार नाही. ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाकं जाम होतील आणि जाम झालेलं पुढचं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. तसं झालं तर पेडल क्षणभर सैल करून पुन्हा दाबायचं. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, पुढच्या एसटीपासून लांब राहा. पण पिवळ्याबरोबर हँडब्रेकचा लाल दिवाही लागला, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेक वाटून देणारं ईबीडीही बंद पडलेलं असू शकतं. मग गाडी बाजूला घ्या आणि टोइंगवाल्याला फोन करा.

आता मॉड्यूल. कोड गल्ली सांगतो, घर आपण शोधायचं. 'डावं चाक, सिग्नल नाही' याचा अर्थ सेन्सर, त्याची वायर, कपलर (वायर जोडायचा सॉकेट), सेन्सर ज्याच्याकडे बघतो ती रिंग किंवा सगळ्यात शेवटी मॉड्यूल. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट फार कामाची आहे: दिवा आधी विझतो. वायर तुटलेली असती तर साधारणपणे चावी फिरवल्यावर तो विझलाच नसता, कारण मॉड्यूल उभ्या गाडीतही सर्किट तपासतं. तुमचा दिवा वेग घेतल्यावर येतो. म्हणजे सर्किट ठीक दिसतंय, पण तीन चाकं वीस-पंचवीस सांगतायत आणि चौथं शून्य. मॉड्यूलला ते पटत नाही, ते दिवा लावतं. ते त्याचं काम चोख करतंय!

एकच प्रश्न. दिवा लागण्याआधी त्या चाकाचं काही काम झालं होतं का? शॉकअप, ॲक्सल, बेअरिंग?

चिपळूणची_सून
हो! डाव्या बाजूने घूंऽऽ असा आवाज यायचा म्हणून बेअरिंग बदललं होतं. त्याच गॅरेजात. दिवा त्यानंतरचाच, पण मी संबंध जोडला नव्हता. आवाज गेला म्हणून आम्ही खूश.

रत्नांग्री_डिझेल
वायरही बघाच. आमच्याकडे खाऱ्या हवेत कपलरच्या पिना हिरव्या पडतात, आणि पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली बिऱ्हाड करतात. माझ्या गाडीत शॉकअपजवळच्या क्लिपेतून वायर सुटून टायरला घासत होती. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की दिवा, सरळ केलं की गायब.

कराडचा_वायरमन
रत्नांग्रीकर, बरोबर. पण तसा दिवा येतो-जातो. ताईंचा हटकून येतो.

ताई, माझा संशय बेअरिंगवर. या वयाच्या बऱ्याच गाड्यांत वेगळी दातेरी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाचे लहान लहान ध्रुव गोलाकार भरलेले असतात. सेन्सरपुढून ते फिरले की करंट साधारण 7 आणि 14 मिलिअँपिअरमध्ये खाली-वर होतो, त्यावरून वेग कळतो. म्हणूनच असल्या सेन्सरचे ओहम मोजून काही कळत नाही, ते जुन्या कॉइलवाल्यांसाठी. बेअरिंग प्रेस करताना उलटं बसलं तर चुंबकाची बाजू बाहेर आणि सेन्सरपुढे साधा पत्रा. चाक झकास फिरतं, आवाज नाही, सिग्नलही नाही.

खात्री करायला काही विकत घ्यावं लागत नाही. सेन्सरचा एक बोल्ट काढून तो ओढा. भोकातून बॅटरी मारा. आत काळपट, रबरासारखा गुळगुळीत भाग दिसला तर बाजू बरोबर. चकचकीत पत्रा दिसला तर उलटी. शंका राहिली तर दोऱ्याला टाचणी बांधून आत सोडा: चुंबकाची बाजू असेल तर ती हलकेच चिकटेल. जोर करू नका, आणि स्क्रूड्रायव्हर तर अजिबात घालू नका, सील खरवडलं तर नवीनच दुखणं.

चिपळूणची_सून
आज समोर उभी राहून बघितलं. चकचकीत पत्रा, टाचणी नुसती लोंबकळली. मालक आधी म्हणाले असं होतच नाही, मग पोराला हाक मारून विचारलं, मग गप्प. उद्या खोलून तेच बेअरिंग उलटवून बसवतो म्हणतात.

कराडचा_वायरमन
तेच नको. प्रेस केलेलं बेअरिंग बाहेर काढताना गोळ्यांवर जोर येतो, महिन्या-दोन महिन्यांत परत घूं सुरू. नवीन मागा, त्यांच्या खर्चाने. बसवल्यावर स्कॅनर लावून लाइव्ह डेटात चारही चाकांचा वेग सारखा येतोय ना ते बघा, मग कोड पुसायचा. आणि तुमचा जुना सेन्सर परत मागून घ्या, तो चांगलाच असणार.