ग्रास कटरची घरघर: अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल का?

डाळिंबवाला, मोहोळ:
मंडळी, डाळिंबाच्या ओळीतलं गवत मी 24 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला मागं ग्रास कटर जोडून काढतो. एकच गिअरबॉक्स, खाली दोन पाती. परवापासून पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजार फिरवणारा दांडा) टाकला की कोरडं जातं ओढल्यागत घरघर येतेय. रेस वाढवली की वाढते, हरळीच्या दाट पट्ट्यात तर कर्कश होते. पीटीओ काढल्यावर पाती थांबेपर्यंत आवाज येत राहतो. ट्रॅक्टर नुसता चालवला तर काही नाही. 90 नंबरचं ऑइल लेव्हलला आहे, पीटीओपासून कटरपर्यंतच्या शाफ्टच्या दोन्ही क्रॉसला, म्हणजे वळणाऱ्या जोडांना, ग्रीस मारलंय. फिटर म्हणतो, गिअरबॉक्सच बदला. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या फवारण्यांवर आधीच बराच पैसा गेलाय. त्याआधी काय काय तपासू?

सांगोलेकर:
दादा, कटर वर उचलल्यावर आवाज बदलतो का? बदलत असेल तर क्रॉस किंवा शाफ्ट बघा. मिनी ट्रॅक्टरला अंतर कमी असतं. शाफ्ट लांब पडला की वरखाली करताना आतला दांडा पाइपच्या बुडाला टेकतो आणि दाब सरळ बेअरिंगवर जातो.

डाळिंबवाला:
नाही, उचलला तरी तसाच.

वर्कशॉपवाला, बार्शी:
मालक, गिअरबॉक्सला पाना लावायच्या आधी आवाज कुठला ते वेगळं करा. शाफ्ट काढा आणि नुसता पीटीओ फिरवा. गप्प राहिला तर ट्रॅक्टर सुटला. मग इंजिन बंद, चावी खिशात, कटरखाली भक्कम ठोकळे, आणि मगच खाली हात घाला. पीटीओ काढल्यावरही पाती बराच वेळ फिरतात. गळ्यातला गमछाही काढून ठेवा, शाफ्टनं ओढलेला माणूस सुटत नाही.

आता शाफ्ट हातात घेऊन दोन्ही क्रॉस चारी बाजूंनी वाकवून बघा. अडकत किंवा खडखडत असेल तर क्रॉस गेला. मग पाती हातानं सावकाश फिरवा. थोडं मागंपुढं हललं तर चिंता नको, दातांत तेवढी मोकळीक असतेच. पण पात्यांचा दांडा वरखाली हलला किंवा फिरताना खरखर बोटांना लागली, तर खालचं बेअरिंग संपलंय. जुनं ऑइल पांढऱ्या फडक्यावर काढा. त्यात लोहचुंबक फिरवून लोखंडाचा चुरा चिकटतो का बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

आणि एक राहिलं. पात्यांचा होल्डर काढून सीलजवळ, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीजवळ बघा. ठिबकच्या बागेत तिथं काय गुंडाळलेलं निघेल सांगता येत नाही.

डाळिंबवाला:
अण्णा, तुम्ही म्हणालात तेच! शाफ्ट काढला, पीटीओ गप्प. क्रॉस ठीक. दांडा मात्र वरखाली हलतोय. होल्डरच्या वर ठिबकच्या नळीचा तुकडा वितळून घट्ट बसला होता, सीलची ओठासारखी कड पार खाल्लीय. ऑइलमध्ये बारीक चकाकी आहे, मोठा तुकडा नाही. बेअरिंग आणि सील बदलून भागेल?

वर्कशॉपवाला, बार्शी:
दात बघितल्याशिवाय सांगणार नाही. कव्हर उघडून प्रत्येक दातावर नख फिरवा. खड्डे पडले नसतील आणि कडा शाबूत असतील तर भागेल. सील घासते तिथं दांड्यावरही नख फिरवा. चर लागली तर नवी सीलही गळणार, तिथं दांड्यावर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) बसवून घ्या. पॅकिंगच्या पातळ चकत्या निघतील त्या जिथल्या तिथं, तेवढ्याच जाडीच्या घाला, नाहीतर दातांचा मेळ बिघडेल. बेअरिंग दांड्यावर चढवताना आतल्या रिंगवरच दाबा, बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर नवंही लगेच आवाज करेल. आत डिझेलनं धुऊन, पुसून, ऑइल लेव्हलच्या बोल्टापर्यंतच भरा. पाती जोडीनं तोला. शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत ठेवा. आधी कमी रेसवर रिकामा चालवा. पुन्हा इंजिन बंद करून गिअरबॉक्सला हात लावून बघा, चटका बसायला नको.

दातांचा फोटो टाका, मग गिअरचं बोलू.