सायकलचे सुटे भाग घरात साठवावेत की दुकानावर सोडावं?

आडवाट:
घरातलं भांडण चारचौघांत आणू नये म्हणतात, पण निवाडा हवाय. गणपतीच्या साफसफाईत माळ्यावरची माझी पत्र्याची पेटी खाली आली. आत सात ट्यूबा, नऊ स्पीडची पॅकबंद चेन, ब्रेकपॅडचे चार जोड, गिअर केबल, वाळून दगड झालेलं सोल्युशन, डबीभर छर्रे आणि मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेऊन गिअर बदलणाऱ्या भागाचा, एक हँगर; डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा तो. सातपैकी तीन ट्यूबा ज्या सायकलच्या, ती विकून चार वर्षं झाली. बायको म्हणते, एवढं सगळं भंगारवाल्याऐवजी माळ्यावर कशाला?

माझी बाजू अशी. २०२० मध्ये टाळेबंदी सैल झाली आणि अख्ख्या जगाला एकदम सायकल आठवली. तेव्हा नऊ स्पीडच्या चेनसाठी पुण्यात पाच दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, "वरूनच माल येत नाही, साहेब." दोन महिने सायकल भिंतीला टेकून उभी. तेव्हापासून एक चेन वापरात, एक पेटीत. घरात सायकली तीन: माझी हायब्रिड, लेकीची गिअरवाली आणि वडिलांची काळी बावीस इंची. तुम्ही काय काय ठेवता?

रविवारचा रायडर:
वहिनींना माझं मत. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. मी सेलमध्ये चार ट्यूबा घेऊन गॅलरीतल्या कपाटात टाकल्या. तीन वर्षांनी पहिली काढली, संध्याकाळी हवा भरली, सकाळी सपाट. जिथे घडी होती तिथेच भेग. दुसरीचंही तेच. स्वस्तात घेतलेल्या चारपैकी दोन न वापरताच कचऱ्यात! शिवाय सगळेच पेट्या भरून बसले, तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने नुसत्या पंक्चरवर घर चालवायचं का?

घाटवेडी:
ट्यूबांचं ठीक आहे, ट्यूब कुठेही मिळते. हँगरचं बोला. डिसेंबरात वरंध घाट उतरत होते, भोरकडून महाडला. वळणावर खडी होती, चालण्याच्या वेगाने उजव्या अंगावर पडले. खरचटलंसुद्धा नाही. उठून मागच्या मोठ्या कॉगवर (दातेरी चक्रावर) गिअर टाकला आणि डिरेलर चाकाच्या तारांत! हँगर वाकला होता, तो तिथेच मोडला.

हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, मार लागला तर तो जावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. पण प्रत्येक फ्रेमचा आकार निराळा, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही जुळेल असं नाही. स्रॅमने २०१९ मध्ये सगळ्यांना चालेल असा एकच हँगर आणला खरा, पण तो त्या मापाने बनवलेल्या फ्रेमलाच बसतो. खालच्या गावातल्या काकांकडे कॉटर पिना होत्या, अठ्ठावीसच्या ट्यूबा होत्या, वॉल्व्हचं रबर होतं. हँगर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तरी डोकं लावलं, डिरेलर सोडवून चेन आखूड केली आणि मी एकाच गिअरवर महाड गाठलं. पैसे घेईनात.

रविवारचा रायडर:
हा मुद्दा सॅडलबॅगचा झाला, माळ्याचा नाही. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात, आणि तुमची गाडी मदतीला फक्त कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी) येऊ शकते. तिथे बॅगेत हँगर हवाच. पण तुम्ही वरंधात आणि हँगर पुण्यात माळ्यावर, काय उपयोग?

घाटवेडी:
बॅगेत तो आभाळातून पडतो का? परत आल्यावर मागवला तर यायला तीन आठवडे लागले. मी दोन मागवले.

ओव्हरहॉल:
दुकान आमचंच आहे, त्यामुळे काळजीबद्दल आभार. पेटीवाल्यांचा आम्हाला त्रास नाही, निम्मे चुकीचाच माल घेऊन येतात. सव्वीस म्हणजे सव्वीस समजून टायर मागवतात. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) सव्वीस ५५९ मिलिमीटर रिम-व्यासाचा आणि जुन्या पद्धतीचा २६ × १ ३/८ हा ५९० चा. रिममध्ये ३१ मिलिमीटरचा फरक! ट्यूब ताणून बसवता येते, टायर मेला तरी बसत नाही. टायरच्या कडेला बारीक आकडे असतात, ते वाचून मग पैसे भरा.

काळ्या सायकलचं काहीही साठवू नका. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी आमच्याकडच्या एकाही ॲटलासचं काही अडलं नाही. या सायकली एकाच जुन्या इंग्रजी घडणीच्या. लुधियानाहून येणारे एक्सल, कोन, कॉटर पिना बहुतेक कुठल्याही मेकला चालतात. गिअरवाल्यांचं मात्र साठवा. नऊ स्पीडची एक चेन मी दुकानात ठेवली तर सहा महिने धूळ खाते, माझाही पैसा अडकतो.

रविवारचा रायडर:
घ्या, ज्याची बाजू घेतली तोच उलटला. 🙂 तरी चेनचं मी ऐकणार नाही. चेन सांगून संपते. स्टीलची पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर येते. १/१६ इंच पुढे सरकली की नवी मागवायची. १/८ होईपर्यंत चालवलीत तर कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) बदलावी लागेल. महिन्यातून एकदा मोजलं तर हातात भरपूर दिवस असतात.

आडवाट:
मी मोजत होतोच की. पट्टीने इमानदारीत सांगितलं, चेन संपली. दुकानांनीही इमानदारीत सांगितलं, माल नाही.

असो. जुन्या तीन ट्यूबा, छर्रे आणि सोल्युशन गेलं. बाकीच्या ट्यूबांना टाल्कम पावडर लावून उन्हाबाहेर ठेवल्या. चेन आणि ब्रेकपॅड राहिले, त्यांच्यावर बायकोने हरकत घेतली नाही.

हँगर मात्र घरातल्या एकाही सायकलला बसेना. विकलेल्या सायकलचाच असणार. ज्यांना विकली त्यांना फोन लावला. म्हटलं, तुमच्या सायकलचा एक हँगर माझ्याकडे राहिलाय, आणून देऊ का? ते म्हणाले, "राहू द्या हो, आमच्याकडे भरपूर आहेत. इस्त्रीवाला प्रत्येक शर्टाबरोबर देतो."