हळदीच्या नव्या साइटला महिन्यात ३०० बॅकलिंक्स: घ्याव्यात का?

हळदवाला_सांगली
मंडळी, आमचं सांगलीत हळदीचं दुकान आहे. राजापुरी हळकुंडं आणि दळलेली पावडर. दिवाळीनंतर वेबसाइट काढली. आता एका एजन्सीचं कोटेशन आलंय, पहिल्याच महिन्यात ३०० बॅकलिंक्स (म्हणजे दुसऱ्या साइटींवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक्स) आणि 'गुगलवर रँक नाही आला तर पैसे परत'. ओळखीतला दुसरा एक जण म्हणतो, नव्या साइटला महिन्याला पाच-सहाच्या वर लिंक्स गेल्या की गुगल साइट बाद करतं. मला वाटतं दोघंही नुसता आकडा फेकतायत, लिंक कुठल्या साइटवरून येणार ते कुणीच बोलत नाही. तरी विचारतो, वेग किती ठेवावा?

बेदाणा_तासगाव
घ्या की दादा! फेब्रुवारीपासून नवा माल येणार, उन्हाळ्यात लोक वर्षाची हळद भरणार. तुम्ही महिन्याला पाच लिंक्स जोडत बसलात तर हा सीझन तर गेलाच, पुढचाही जाईल. आणि पेनाल्टीची भीती जुनी झाली. २०१२ च्या एप्रिलमध्ये वाईट लिंक्सवाल्या साइटींना खाली ढकलणारं गुगलचं पेंग्विन अपडेट आलं तेव्हा साइटी खरोखर आपटल्या. सप्टेंबर २०१६ पासून ते मुख्य अल्गोरिदममध्येच आहे आणि वाईट लिंक बहुतेक वेळा नुसती मोजत नाहीत. म्हणजे फार तर पैसे वाया, साइट शाबूत.

तंतुवाद्य_मिरज
'फार तर पैसे वाया' हे कुणाच्या पैशांवर बोलताय राव? मॅन्युअल ॲक्शन अजून आहे. गुगलच्या माणसानं बघून शिक्का मारला की सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात, अनैसर्गिक लिंक्सची नोटीस येते. मग लिंक्स काढा, अर्ज करा, वाट बघा.

अशा पॅकेजचा नमुना एका दुकानदाराकडे पाहिलाय. एक्सेलची फाइल. वरून खाली सगळ्या लिंकवर एकच मजकूर, 'बेस्ट टर्मरिक ऑनलाइन'. साइटी कसल्या, तर एक कॅसिनोची, एक रशियन भाषेतली, बाकीच्या एकाच साच्यातल्या, फक्त वरचा रंग वेगळा. हळदीचं गिऱ्हाईक तिथं कशाला जाईल?

पण पाच-सहाचा नियमही थापच. गुगलनं असा आकडा कधी दिलेला नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. अशा वेळी ज्याच्या कारखान्याची बातमी होते त्याला आठवडाभरात ढीगभर लिंक्स मिळतात. त्यानं काही कुणाची साइट बुडत नाही. वेगाचा संबंधच नाही.

एसईओ_विश्रामबाग
मिरजकर, शेवटचं वाक्य सोडून बाकी पटलं. संबंधच नाही असं कसं म्हणता? लिंक्स कोणत्या गतीनं वाढतात याचा विचार गुगलच्या २००३ मधल्या पेटंट अर्जातच आहे. पेटंट म्हणजे ते वापरतातच असं नाही, मान्य. पण बातमी आली की लोक तुमचं नाव शोधतात, साइटवर येतात, आणि लिंक्सही वाढतात. इथं लिंक्स ३०० आणि साइटवर माणूस एक नाही. ते मशीनला ओळखू येतं. डिसेंबर २०२२ च्या लिंक स्पॅम अपडेटपासून गुगल स्पॅमब्रेन ही स्पॅम ओळखणारी यंत्रणा वापरून लिंक्स विकत घेणाऱ्या आणि विकणाऱ्या, दोन्ही साइटी हुडकतं.

हळदवाले, तुमच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मिळालं. हरिपूरची पेवं, म्हणजे जमिनीत खणलेली हळदीची कोठारं, त्यांचे नीट फोटो आणि माहिती एका पानावर टाका. पेवात हळद टिकते कशी, उघडल्यावर लगेच आत का उतरत नाहीत, हे मराठीत नीट लिहिलेलं शोधून बघा. ज्याला या विषयावर लिहायचंय तो तुमची लिंक देईल. रेसिपीवाल्यांना फुकट पाकीट देऊन लिंक घेणार असाल तर त्यावर 'स्पॉन्सर्ड' टॅग, म्हणजे लिंक मोबदल्यात दिलीय हे गुगलला सांगणारी खूण, लावायला सांगा, तो २०१९ पासून आहे. महिन्यात दोन मिळाल्या तर दोन, वीस मिळाल्या तर वीस.

बेदाणा_तासगाव
पेवाचे फोटो! २००५ च्या पुरात त्यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, राहिलेल्यांत उतरून फोटो काढणार कोण, तुम्ही? हे सगळं पगारी माणूस ठेवणाऱ्यांना जमतं. आणि व्यापारी संघटना, डिरेक्टऱ्या, जस्टडायल इथं पहिल्याच आठवड्यात वीस-पंचवीस नोंदी सगळेच करतात. त्याला नाही कुणी स्पॅम म्हणत!

एसईओ_विश्रामबाग
म्हणणारही नाही, दुकान खरं आहे ना. नोंदी करा, आजच करा. फक्त त्यानं रँक उडी मारेल असं समजू नका.

गणपती_पेठ
गुगल मॅपवर दुकानाची वेळ आणि नंबर बरोबर आहे का ते आधी बघा. अर्धं गिऱ्हाईक तिथूनच फोन करतं.

हळदवाला_सांगली
मॅपवर जुना नंबर होता, बदलला. एजन्सीकडे ३०० साइटींची यादी मागितली. उत्तर आलं, 'यादी गोपनीय असते सर, पण आज पेमेंट केलंत तर वर ५० लिंक्स फ्री.'

बेदाणा_तासगाव
५० फ्री? नंबर पाठवा त्यांचा.