पीटर ग्रीन बदली खेळाडू नव्हता

एरिक क्लॅप्टननंतर जॉन मेयॉलच्या ब्रिटिश ब्लूज बँडमध्ये आलेला गिटारवादक पीटर ग्रीन म्हणजे नुसता बदली खेळाडू, असं म्हणतात; हे काही पटलं नाही बुवा. मेयॉलच्या १९६६च्या 'ब्लूज ब्रेकर्स' अल्बममध्ये क्लॅप्टनने लेस पॉल गिटार आणि मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेला भरदार आवाज जबरदस्तच, वाद नाही. पण १९६७च्या 'अ हार्ड रोड' अल्बममधलं ग्रीनचं 'द सुपरनॅचरल' ऐका. एकेक सूर धरून ठेवतो, घाईच नाही! (वेगाच्या भक्तांनी वाटेला जाऊ नये.)

आणि ग्रीनच्या पुढच्या बँडमधला, फ्लीटवुड मॅकमधला, तो किंचित पोकळ, नाकातला आवाज? ग्रीनच्या लेस पॉलमध्ये एका पिकअपचं (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाचं) चुंबक उलटं होतं. दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की तो आवाज यायचा. तीच गिटार पुढे गिटारवादक गॅरी मूरकडे गेली. १९९५चा त्याचा 'ब्लूज फॉर ग्रीनी' अल्बम हा ग्रीनलाच केलेला मुजरा. मूरचा हात जास्त तयार, तरी मी मूळ ग्रीनच लावतो.