प्रतिसाद: दोष कार्बनचा नसून मिसळण्याच्या क्रमाचा असावा

नैसर्गिक रबराला हवेतल्या ओझोनने तडे जाऊ नयेत म्हणून त्यात साधारण ३० टक्के ईपीडीएम (ओझोनला टिकणारे एक कृत्रिम रबर) मिसळल्यावर ताणशक्ती घसरली, याचा दोष या चर्चेत हलक्या प्रतीच्या कार्बन ब्लॅकवर (रबर बळकट करणाऱ्या काजळीसारख्या पुडीवर) टाकला गेला आहे. मला तो मिसळण्याच्या क्रमात दिसतो. ही दोन रबरे एकमेकांत विरघळत नाहीत, त्यामुळे एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात विखुरलेले राहतात आणि दोघांच्या स्निग्धतेत (वाहण्याला होणाऱ्या विरोधात) जितकी तफावत असेल तितके ते थेंब मोठे राहतात. सगळे घटक एकदम टाकले, तर कार्बन, रबर पक्के करणारे गंधक व ती क्रिया जलद करणारे प्रवेगक हे सारेच रेणूंतील दुहेरी बंधांनी समृद्ध असलेल्या नैसर्गिक रबराकडे अधिक ओढले जातात, ईपीडीएम अर्धेकच्चे राहते आणि भार येताच दोहोंच्या सीमेवरून तडा जातो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यात दोन रोलांच्या मिलवरही यावर उपाय करता येतो. नैसर्गिक रबर आधी मळून त्याची स्निग्धता ईपीडीएमच्या जवळ आणावी, कार्बनचा मोठा वाटा ईपीडीएममध्ये वेगळा मिसळून त्याचे मास्टरबॅच (आगाऊ तयार केलेले दाट मिश्रण) करावे, मग दोन्ही एकत्र करून गंधक थंड रोलवर शेवटी घालावे. नुसते जास्त वेळ मळत राहणे मात्र टाळावे, कारण त्याने नैसर्गिक रबराच्या साखळ्याच तुटतात.