स्विफ्टला जाड स्टॅबिलायझर बार: पुढे, मागे की दोन्हीकडे?

गायमुख_०४

गाडी स्विफ्ट झेडएक्सआय पेट्रोल, २०१९, मॅन्युअल. टायर कंपनीनेच दिलेले, १८५/६५ आर१५. रोज घोडबंदर रोडवरून ऐरोलीमार्गे महापे, आणि जमेल तेव्हा मुरबाडवरून माळशेज.

त्रास दोन आहेत. वळणात गाडी बाहेरच्या अंगाला फार कलते. आणि वळण आवळत गेलं की स्टिअरिंग कितीही आत घ्या, गाडीचं तोंड बाहेरच धावतं. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवायची नाही. चार माणसं बसली की सोसायटीच्या रॅम्पला आताच पोट घासतं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर पुढचा स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं अडवणारा आडवा दांडा, म्हणजेच अँटी रोल बार) मूळपेक्षा २ मिमी जाड मिळतोय. मागचाही मागवून देतो म्हणाले. पुढचा घ्यावा, मागचा, की दोन्ही? मागे तर टॉर्शन बीम आहे, तिथे बार बसतो तरी कुठे? आणि पावसाळ्यात हे अंगाशी येणार नाही ना?

वागळे_सस्पेन्शन

पुढचा बार घेऊ नका. तुमचा पहिला त्रास त्याने कमी होईल, दुसरा बहुतेक वाढेल.

बार म्हणजे पीळ घेणारी स्प्रिंग. दोन्ही चाकं एकदम वर आली तर तो आपल्या बुशमध्ये (त्याला गाडीखाली धरणाऱ्या रबरात) नुसता फिरतो. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की पिळला जातो आणि गाडीचं कलणं अडवतो. मात्र वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती वजन जाणार, हे त्याच्या हातात नाही. ते ठरतं गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि तुम्ही वळण किती वेगात घेता यावर. बार फक्त वाटणी बदलतो: त्या वजनातलं किती पुढच्या जोडीने झेलायचं आणि किती मागच्या.

ही वाटणी महत्त्वाची, कारण टायरवरचं वजन दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या एक्सलचा बार कडक, त्या एक्सलची एकूण पकड घटते. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, गाडी ओढणं, वळवणं आणि बहुतांश ब्रेकिंग हे सगळं पुढच्या दोन टायरवरच आहे. तिथेच आणखी कडकपणा घातला की तोंड बाहेर जाणं वाढतं. शिवाय पुढचं आतलं चाक हलकं होतं, आणि साधं डिफरन्शियल (दोन चाकांत इंजिनची ताकद वाटणारे गिअर) असल्याने वळणातून निघताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की तेच चाक जागेवर गरगरतं. माळशेजच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये हे चटकन कळेल.

मागे कडकपणा वाढवला की नेमकं उलट होतं. मागची जोडी जास्त वजन झेलते आणि पुढच्या दोन्ही चाकांवर भार अधिक सारखा राहतो. गाडी कमी कलते आणि तोंडही आत येतं. तुम्हाला हवं ते या एकाच बारमध्ये आहे.

आता टॉर्शन बीम. मागच्या दोन ट्रेलिंग आर्मना (चाकं धरून ठेवणाऱ्या, मागे जाणाऱ्या दांड्यांना) जोडणारा आडवा बीम वळणात पिळतो, म्हणजे तो स्वतःच अँटी रोल बारचं काम करतो. त्यामुळे ‘मूळ बार किती मिमी’ हा प्रश्न मागे लागू होत नाही. बाजारातला मागचा बार या बीमला समांतर बसतो आणि त्याची दोन टोकं दोन्ही आर्मच्या शेवटाजवळ बोल्टने घट्ट होतात. बहुतेक किटमध्ये ना लिंक रॉड (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) असतो ना डी-बुश (बार धरणारं डी आकाराचं रबर), म्हणून झिजायला फारसं काही नसतं. पण बीमच्या खाली लोंबणारा बार घेऊ नका. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी आहे आणि तुमचं पोट आधीच घासतंय. बीमच्या मागे किंवा वरच्या पातळीत बसणारा बघा.

जाडीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिमीचा २२ केला तर ४६ टक्के जास्त, २२ चा २४ केला तर ४२ टक्के. दुकानात २ मिमी किरकोळ वाटतात, गाडीत तसे नसतात. सर्वात जाड मागचा बार मागू नका.

तुर्भे_लेथ

वरचं सगळं बरोबर. पण बारवर पैसे घालण्याआधी गाडी मूळ स्थितीत आहे का ते बघा. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक आणि खड्ड्यांमुळे पुढचे लिंक रॉड फार लवकर जातात, आणि लिंक गेला की असलेला बारसुद्धा उशिरा आणि अर्धवट काम करतो.

दोन्ही पुढची चाकं उचलून घोडीवर (गाडी तोलून धरणाऱ्या स्टँडवर) ठेवा, लिंक हाताने धरून जोरात वर-खाली हलवा. टक-टक लागली तर बॉल जॉइंट संपलाय. लिंक नेहमी जोडीने बदलायचे. नंतर टॉमी (लोखंडी पहार) घालून डी-बुश आणि लोअर आर्मचे बुश बघा; रबर फाटलेलं किंवा बारभोवती फट दिसली तर बदला. शॉकअपवर तेल ओघळलेलं असेल तर बार बसवून उपयोग नाही, कारण बार कलण्याचं प्रमाण कमी करतो, डोलणं थांबवायचं काम शॉकअपचंच. आणि टायर. साइडवॉलवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०१९ चे टायर अजून तेच असतील तर नक्षी दिसत असली तरी रबर कडक झालंय. तोंड बाहेर जाण्याचं अर्धं कारण तिथेच सापडेल.

दुसरं, कळकळीने सांगतो. लेथवाल्याकडून बार बनवून घेऊ नका, कोणी कितीही स्वस्तात देऊ दे. सगळ्या पोलादांचा लवचीकपणा जवळपास सारखाच असतो, त्यामुळे साध्या एमएस (माइल्ड स्टील) रॉडचा बार पहिल्या दिवशी तितकाच कडक लागतो आणि माणूस फसतो. फरक पडतो तो किती पीळ सोसून बार परत मूळ जागी येतो यात. एमएस कायमचा वाकडा होतो, मग गाडी एका अंगाला कलून उभी राहते. बार हवा एन-४५ किंवा एन-४७ सारख्या स्प्रिंग स्टीलचा, वाकवून झाल्यावर हार्डनिंग आणि टेम्परिंग केलेला. त्यावर कान वेल्ड केले तर वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि तिथेच तुटतं.

पोकळ बार दिसला तर नाक मुरडू नका. पिळात मधला भाग फारसं काम करत नाही. २५ मिमी बाहेरचा व्यास आणि ४ मिमी जाड भिंत असलेला पाइप कडकपणात साधारण २३.५ मिमीच्या भरीव बारइतका भरतो आणि वजनात ३९ टक्के हलका पडतो.

मागचा बार बसवताना:

गाडी सपाट जमिनीवर, पुढच्या चाकांना गुटके, हँडब्रेक मोकळा. मागची दोन्ही चाकं एकदम उचला. एकच बाजू उचलली तर बीम पिळलेला राहतो, भोकं जुळत नाहीत, आणि मेकॅनिक बोल्ट ठोकून घालतो. तसा पीळ आत अडकला की गाडी डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळी वळते. चारही बोल्ट आधी हाताने आट्यांत धरवा, मग गाडी चाकांवर उतरवून दोन-चारदा दाबून बसवा, आणि त्यानंतरच टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने कसणाऱ्या पान्याने) आवळा. किटच्या कागदावर आकडा असेल तो पाळा. नसेल तर ८.८ ग्रेडच्या एम-१० बोल्टला ४५ ते ५० न्यूटन-मीटर बसतं. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की नवा घालायचा. साधारण १०० किलोमीटर चालवून पुन्हा टॉर्क तपासा. क्लॅम्पखालचा रंग दबला की बोल्ट ढिला पडतोच.

सोडण्याआधी दोन गोष्टी बघा: ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर बारला घासत नाहीत ना, आणि सायलेन्सरला बार लागत नाही ना. चाकं लोंबत असताना एकदा, आणि डिकीत दोन माणसं बसवून एकदा. बीमला भोक पाडायचं किंवा वेल्डिंग करायचं कोणी सुचवलं तर गाडी तिथून काढा. वागळे इस्टेट असो की तुर्भे एमआयडीसी, जागा कुठलीही चालेल, टॉर्क पाना आणि दोन घोड्या आहेत का एवढं आधी विचारा.

पामबीच_४३

पुढच्या बारबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आहे. गाडी कलली की बाहेरचं चाक रस्त्याच्या हिशेबाने बाहेर झुकतं आणि टायर बाहेरच्या कडेवर चालतो. जाड पुढचा बार कलणं कमी करून टायर सपाट ठेवतो, म्हणून चांगल्या चिकट टायरवर, ट्रॅकवर, काही गाड्यांचं तोंड पुढच्या बारने सुधारतं. पण कंपनीच्या टायरवर आणि पावसात हा हिशेब जुळत नाही. तेच काम कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलणाऱ्या बोल्टने फार स्वस्तात होतं. स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी वरच्या जागी विकेंद्री (मध्य बाजूला सरकलेला) बोल्ट बसतो, त्याने पुढची चाकं उणे १ अंशापर्यंत आत झुकवा, दोन्हीकडे सारखी. तो बोल्ट मूळपेक्षा बारीक असतो, टॉर्क त्याच्याच कागदाचा घ्या. कॅम्बर बदलला की टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली) हमखास हलतो, म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी. टो चुकीचा राहिला तर टायरची आतली कड खाऊन जाते, आणि दोष कॅम्बरला मिळतो.

त्याआधी फुकटचा प्रयोग: दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे थंड टायरमध्ये हवा भरा, मग फक्त मागे २ पीएसआय वाढवून एक आठवडा चालवा. मागची पकड किंचित घटते आणि तोंड आत येतं. मागचा बार कोणत्या दिशेने काम करेल याची चव यातून मिळते. आवडलं नाही तर बारही आवडणार नाही.

पावसाचं. मागचा बार कोरड्या रस्त्यावर जितका बरा, ओल्यावर तितकाच जपून वापरायचा. वळणाच्या मध्यात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे जातं, आधीच पकड कमी केलेली मागची बाजू सुटते आणि गाडी गिरकी घेऊ शकते. गायमुखच्या उतारावर ऑइल सांडलेलं असताना हे घडायला फार वेग लागत नाही. ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत तर मदतीला कोणीच नाही. मागचे टायर पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेले असतील तर हा बार बसवूच नका. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे घालायचे, हा नियम बार असताना दुप्पट पाळायचा.

खड्ड्यांचं एक राहिलं. एकच चाक खड्ड्यात गेलं की कडक बार दुसऱ्या चाकालाही धक्का पोचवतो. सर्व्हिस रोडवरचे तिरके स्पीडब्रेकर घेताना मागे बसलेल्यांची डोकी डावीकडून उजवीकडे आपटतील. घरात वयस्कर माणसं मागे बसत असतील तर त्यांना विचारून ठरवा.

गायमुख_०४

सगळ्यांचे आभार. लिंक तपासले, डावा वाजतोय. टायर २०१९ चेच निघाले. आता क्रम असा धरतो: लिंक आणि टायर, मग अलाइनमेंट, मग गरज उरली तर मागचा मध्यम बार. दोन शंका. लिंक बदलताना पुढचे डी-बुश पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) घालू का? आणि वॉरंटी-विम्याचं काय?

तुर्भे_लेथ

लिंक काढताना दोन्ही पुढची चाकं हवेत ठेवा, नाहीतर बार ताणलेला असतो आणि शेवटचा आटा सुटताच स्टड उडतो. नट फिरवताना स्टडही सोबत फिरतो, त्याच्या टोकाला अ‍ॅलन कीची जागा असते, ती धरून नट सोडा. गंजलेला असेल तर आदल्या रात्री तेल मारून ठेवा.

पॉली बुश चालतील, पण आतला व्यास बारच्या व्यासाशी तंतोतंत हवा. १ मिमी मोठा घेतला तर खडखड, लहान घेतला तर बार आवळून बसतो आणि सस्पेन्शन अकारण कडक लागतं. बार व्हर्नियरने मोजा, बुश जिथे बसतो तिथेच, टोकाला नाही. पॉलीला सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि पावसाळा संपला की परत लावावं लागतं, नाहीतर गाडी कुरकुरते. मूळ रबरी बुशला गॅरेजमधलं साधं ग्रीस मुळीच लावू नका, रबर फुगून लवकर फाटतं. तुमच्या वापराला मी मूळ रबरच घालेन.

लिंक बदलूनही आवाज राहिला तर दोन्ही लिंक बारपासून सोडा, बार ड्राइव्ह शाफ्टला लागणार नाही असा तारेने बांधा, आणि आवारातच हळू एक चक्कर मारा. आवाज गेला तर बुश किंवा बार. राहिला तर स्ट्रट माउंट किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट.

वागळे_सस्पेन्शन

सस्पेन्शनवर दावा केला तर वॉरंटीवाले बारकडे बोट दाखवणारच, म्हणून मूळ भाग जपून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलात फरक पाडणाऱ्या बदलांबद्दल आहे. बार आरसीवर नोंदलेला नसतो, तरी बिल ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या.

टायर बदलले की आधी पुरेसे दिवस फक्त त्यांच्यावरच चालवा. टायर आणि बार एकाच शनिवारी बसवले तर कशाने काय सुधारलं हे कळणार नाही, आणि काही बिघडलं तर तेही कळणार नाही.