प्रतिसाद: सोर्स उघडा, मग बिल्ड तपासायचं कशाला?
"सोर्स उघडाच आहे, मग बिल्ड वेगळं तपासायचं कशाला?" असं एकानं विचारलंय. (सोर्स म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, बिल्ड म्हणजे त्यातून बांधलेला, प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम.) मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आठवा: फायली दाबून लहान करणाऱ्या या टूलमध्ये कुणीतरी चोरवाट घुसवली होती. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमधली (वाटायला बांधलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यातली) ती घातकी एम४ फाइल (बिल्ड करताना वापरली जाणारी) गिटवरच्या उघड रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, नव्हतीच. रिपॉझिटरी वाचणाऱ्याला दिसणार काय, कपाळ?

डेबियन ही लिनक्स प्रणाली बनवणारे २०१३ पासून रिप्रोड्यूसिबल बिल्डच्या मागे आहेत. म्हणजे त्याच सोर्समधून कुणीही बांधा, बायनरी (तयार प्रोग्रामची फाइल) बिट न् बिट तीच यायला हवी. पण तारीख, फोल्डरचा पाथ, फायलींचा क्रम, एवढ्यानंही हॅश (फाइलचा आकड्यांतला ठसा) बदलतो. एका चिमुकल्या पॅकेजवर माझ्या दोन रात्री गेल्या. शेवटी मॅन पेजमध्ये (प्रोग्रामच्या माहितीपानात) छापली जाणारी आजची तारीख निघाली! (हे सगळं फुकटात, ऑफिस सुटल्यावर.) आणि टारबॉलमध्येच घाण असेल तर ती रिप्रोड्यूसिबल बिल्डनं पकडली जात नाही. ती हमाली वेगळी.